वावडें आणि संवेदीकरण

सरकारी परिपत्रकांत ‘संवेदीकरण’ हा शब्द अलीकडे वारंवार दृष्टीस पडतो. अमुक विषयावर कर्मचाऱ्यांचें संवेदीकरण करावें, ग्रामसभेंत लोकांचें संवेदीकरण करावें, आणि तसें केल्याचा अहवाल अमुक तारखेच्या आंत सादर करावा. हाच शब्द डॉक्टर वापरतात तेव्हां त्याचा अर्थ निराळा होतो, आणि प्रयोगशाळेंत तो आणखीच निराळा. मूळ कल्पना मात्र एक आहे : पूर्वीं जी वस्तु एखाद्या गोष्टीस दाद देत नव्हती, ती आतां देऊं लागली. शेतकऱ्यास या शब्दाशीं काय कर्तव्य, असें कोणी विचारील, तर त्यानें आपल्या बांधावरील गाजरगवताकडे पाहावें.

हें गवत मूळचें अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशांतलें. आपल्याकडे तें १९५५ च्या सुमारास पुण्यास प्रथम लक्षांत आलें. परदेशांतून आणलेल्या धान्याबरोबर त्याचें बीं आलें असा सार्वत्रिक समज आहे. कोणी त्यास काँग्रेस गवत म्हणतात, कोणी चटकचांदणी. शेतकरी तें वर्षानुवर्षें हातानें उपटतो व त्यास कांहीं होत नाहीं. मग एका वर्षीं त्याच्या पापण्या सुजतात, मान व कोपरांच्या घड्या खाजूं लागतात, कातडी जाड व काळी पडते. तो म्हणतो, “जन्मभर हेंच गवत उपटलें, आतांच कसें बाधलें?” वस्तुतः जन्मभर उपटलें म्हणूनच तें बाधलें.

या गवतांत पार्थेनिन नांवाचें द्रव्य असतें. तें अंगांत शिरून कातडीतील प्रथिनांस चिकटतें, आणि शरीराचें रक्षण करणाऱ्या पेशी त्याची परकी वस्तु म्हणून नोंद करून ठेवितात. ही नोंद होतांना माणसास कांहींएक कळत नाहीं. कोणाच्या बाबतींत ती कांहीं महिन्यांत होते, कोणाच्या बाबतींत पुष्कळ वर्षांनीं, आणि कित्येकांच्या बाबतींत कधींच होत नाहीं. पण एकदां झाली कीं ती सहसा खोडली जात नाहीं. यासच वैद्यकांत संवेदीकरण म्हणतात. आपल्या आजीबाई ज्याला ‘वावडें’ म्हणत, त्यापैकीं पुष्कळांच्या मुळाशीं हेंच असतें.

यांत फसवणारी गोष्ट अशी कीं, गवतास हात लागतांच अंगावर कांहीं उठत नाहीं. एक-दोन दिवस जातात. तोंवर मनुष्य गवत विसरलेला असतो, आणि वांगें, हरभऱ्याची डाळ किंवा नवा साबण यांवर खापर फुटतें. शिवाय सुकलेल्या गवताची धूळ वाऱ्यानें उडून चेहऱ्यावर बसते, त्यामुळें ज्यानें गवतास हातहि लावला नाहीं त्यासहि तें बाधतें. हें गवत शेवंती व सूर्यफूल यांच्याच कुळांतलें. म्हणून कांहीं रोग्यांना त्या फुलांचाहि त्रास होतो. संशय असल्यास कातडीच्या डॉक्टरकडे पाठीवर पट्टी लावून परीक्षा करतां येते. ज्याचें अंग एकदां उठलें, त्याला पुन्हा खुरपणीस धाडणें हें केवळ निर्दयपणाचें काम होय, मग तो घरचा असो वा मजुरीचा. गवत फुलावर येण्यापूर्वींच, हात-तोंड झाकून काढावें. १९८४ सालीं बंगळूर येथें सोडलेले मेक्सिकन भुंगेरे हें गवत खातात व पावसाळ्यांत पुष्कळ ठिकाणीं दिसतात. त्यांना कीड समजून मारूं नये.

या प्रकाराचा शोध फार चमत्कारिक रीतीनें लागला. रिशे आणि पोर्तिए या फ्रेंच शास्त्रज्ञांनीं कुत्र्यांस एका समुद्रजीवाचें विष थोडें थोडें टोंचून तें पचविण्याची शक्ति आणूं पाहिली. झालें उलटेंच. पहिल्या वेळीं सुखरूप राहिलेला कुत्रा सुमारें तीन आठवड्यांनीं तेंच विष पुन्हा टोंचतांच कांहीं मिनिटांत मेला. ही हकीकत त्यांनीं १९०२ त प्रसिद्ध केली, व रिशे यांस १९१३ चें नोबेल पारितोषिक मिळालें. हें संवेदीकरण गवताच्या जातीचें नव्हे. यांत दोन दिवसांची सवड मिळत नाहीं. सर्पदंशावरील लस घोड्याच्या रक्तापासून करितात, ती टोंचतांना डॉक्टर दुसरें औषध हाताशीं तयार ठेवितात तें अशाच प्रसंगासाठीं.

जनावरांत आणखी एक प्रकार आढळतो, त्यांत मात्र पूर्वओळखीची गरज लागत नाहीं. चारा संपला म्हणजे गुरें घाणेरीचा पाला खातात. त्यानें यकृत बिघडतें, आणि हिरव्या चाऱ्यापासून पोटांत होणारें जें द्रव्य पित्तावाटे बाहेर पडावयाचें, तें रक्तांत सांचतें. अशा जनावरावर ऊन पडलें कीं नाकपुड्या, कान व पांढऱ्या केंसांखालची कातडी भाजल्यासारखी होते. काळ्या ठिकाणीं मात्र तितकी इजा होत नाहीं. अशा जनावरास प्रथम सावलींत बांधावें व पशुवैद्यास बोलवावें.

आतां परिपत्रकांतल्या संवेदीकरणाकडे वळूं. कँडेल या अमेरिकन शास्त्रज्ञानें समुद्रांतल्या एका गोगलगायीवर प्रयोग केले. त्यांस २००० चें नोबेल मिळालें. त्या जीवास हलकासा स्पर्श वारंवार केला तर तो दाद देईनासा होतो. शेपटीस एकदां जोराचा झटका दिला तर पूर्वीच्याच हलक्या स्पर्शानें तो अंग आंखडतो. पहिली ती सवय, दुसरें तें संवेदीकरण. आमच्या सभांतून बहुधा पहिलेंच घडतें.

मुलींच्या हक्काचेंच घ्या. महाराष्ट्रानें १९९४ त आणि मध्यवर्ती सरकारनें २००५ त मुलीस वडिलोपार्जित जमिनींत मुलाप्रमाणें वांटा दिला. २०२० त सर्वोच्च न्यायालयानें तो हक्क जन्मतःच असल्याचें सांगितलें. त्यावरील सभांना मी कचेरीच्या कामानें पुष्कळ वेळां हजर राहिलों. सर्वजण माना डोलवीत, चहा घेत, हजेरीपटावर सह्या करीत. त्याच मंडळींच्या हक्कसोडपत्रांवरून झालेले फेरफार पुढें माझ्याच टेबलावर येत, आणि त्यांत बहुतेक बहिणींचीं नांवें कमी झालेलीं असत. मला त्यांत कांहीं वावगें वाटत नसे, हें कबूल केलें पाहिजे. कागद नोंदणीकृत आहे एवढें पाहिलें कीं माझें काम संपे.

एकदां अशाच एका नोंदीवर तक्रार झाली, आणि बहिणीचा जबाब लिहून घेण्याचें काम मजकडे आलें. साहेबांनीं तिला विचारलें, “बाई, हक्क राजीखुषीनें सोडलात ना?” तिनें उत्तर देण्यापूर्वीं दाराशीं उभ्या असलेल्या भावाकडे पाहिलें. असें पाहणें मीं पूर्वींहि शंभर वेळां पाहिलें असेल. त्या दिवशीं मात्र ‘होय’ हा शब्द लिहितांना माझा हात थांबला, आणि पुढें नोकरी संपेपर्यंत असा जबाब लिहावयाची वेळ आली कीं मी आधीं दाराकडे पाहत असें.