डिफरन्शियल आणि त्याचे जोडीदार आंस

मोटार वळणावरून जात असतां तिच्या बाहेरच्या चाकाला आंतल्या चाकापेक्षां अधिक अंतर तोडावें लागतें. बैलगाडीला ही अडचण कधींच भासत नाहीं; कारण तिचा आंस स्थिर असतो आणि दोन्ही चाकें त्यावर आपापल्या परीनें मोकळीं फिरतात. मोटारीचें तसें नाहीं. तेथें ओढण्यास पुढें बैल नसतात. इंजिनाची शक्ति आंसांतूनच चाकांपर्यंत पोंचवावी लागते. दोन्ही चाकें एकाच ताठ दांड्याला जखडलीं, तर प्रत्येक वळणावर त्यांतलें एक फरफटेल, टायर झिजेल आणि आंसाला पीळ बसेल. ही अडचण दूर करणारी दंतचक्रांची रचना म्हणजे डिफरन्शियल. फ्रान्समधील ओनेसिफोर पेकर यानें ती १८२७ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठीं योजिली, आणि आजहि बहुतेक मोटारींत तेंच तत्त्व चालत आलें आहे.

हें तत्त्व तराजूच्या दांडीसारखें आहे. दांडीच्या मध्यावर लाविलेला जोर दोन्ही टोंकांना सारखाच वांटला जातो. एक टोंक प्रतिकार न करतां सुटलें, तर दुसऱ्यालाहि जोर मिळत नाहीं. साधा डिफरन्शियल दोन चाकांना निरनिराळी गति घेऊं देतो. फिरविण्याचा जोर मात्र दोघांना समान देतो. म्हणून एक चाक कोरड्या रस्त्यावर आणि दुसरें चिखलांत असेल, तर चिखलांतल्या चाकाला जेवढी पकड, तेवढाच जोर कोरड्या चाकाच्या वांट्याला येतो. चिखलांतलें चाक गरगर फिरत राहतें, आणि चांगली पकड असलेलें चाक जागच्या जागीं उभें राहतें. दुबळ्याच्या मापानें बलवानालाहि मोजावें, तसाच हा प्रकार.

यावरचा उपाय शर्यतीच्या मोटारींना प्रथम शोधावा लागला. जर्मनींतील ऑटो युनियनच्या मोटारीचें इंजिन इतकें जबर होतें कीं, भरधाव वेगांतहि तिचें एक मागचें चाक घसरत राही. तेव्हां फर्डिनांड पोर्शे यांनीं १९३५ मध्यें झेड. एफ. या कारखान्याकडून नव्या धर्तीचा डिफरन्शियल करवून घेतला. १९५६ मध्यें अमेरिकेंतील पॅकार्ड मोटारींतून ही सोय सामान्य गिऱ्हाइकापर्यंत आली. घसरणीला मर्यादा घालणारा म्हणून याला ‘लिमिटेड-स्लिप’ असें म्हणतात.

याचे मुख्य प्रकार तीन. पहिल्यांत क्लचसारख्या तबकड्या एकमेकींवर दाबल्या जातात. त्या काम चांगलें करतात, परंतु झिजतात, आणि त्यांना विशिष्ट तेल लागतें. दुसऱ्यांत तबकड्यांच्या मध्यें दाट सिलिकोन द्रव असतो. एक चाक फार वेगानें फिरूं लागलें कीं तो द्रव अडसर घालतो, पण कालांतरानें त्याचा गुण उतरतो. तिसरा टॉर्सेन. व्हर्नन ग्लिसमन या अमेरिकन संशोधकाला १९५८ मध्यें त्याचें पेटंट मिळालें. यांत वर्म जातीचीं दंतचक्रें असतात. त्यांच्या आपसांतल्या घर्षणामुळें अधिक पकड असलेल्या चाकाला दुबळ्या चाकाच्या कांहीं पट जोर मिळतो. मात्र एक चाक अधांतरीं लोंबूं लागलें, तर हा प्रकार फारसा उपयोगी पडत नाहीं. शून्याची दुप्पट केली तरी शून्यच. अशा वेळीं हँडब्रेक मागच्या चाकांवर चालणारा असल्यास तो किंचित् ओढावा; मोकळ्या चाकाला प्रतिकार मिळतो आणि दुसऱ्याला जोर येतो.

जुनी मोटार हौसेनें उभी करणाऱ्यांना हा डिफरन्शियल बसविण्याचा मोह होतो, आणि येथेंच खरी परीक्षा असते. माझ्दा कंपनीच्या एम. एक्स. ५ या दोन माणसांच्या उघड्या मोटारीचें उदाहरण घेतां येईल. जपानी बनावटीची ही मोटार १९८९ मध्यें प्रथम लोकांपुढें आली. अमेरिकेंत ती मियाता नांवानें ओळखली जाते. तिच्या सुरुवातीच्या १.६ लिटर इंजिनाच्या नमुन्यांत डिफरन्शियलचें मोठें चक्र सहा इंची होतें. सिलिकोन द्रवाचा प्रकार त्यांत मागणीप्रमाणें मिळे. पुढें १९९४ च्या नमुन्यापासून १.८ लिटर इंजिन आलें, चक्र सात इंची झालें, आणि टॉर्सेन मिळूं लागला. साहजिकच जुन्या मोटारीचा मालक नव्या मोटारीच्या टॉर्सेनकडे डोळे लावून बसतो.

परंतु सात इंची डिफरन्शियल एकटा येत नाहीं. सहा इंची रचनेचे आंस त्यांत बसत नाहींत, आणि पुढून येणारा प्रॉपेलर शाफ्टहि जुळत नाहीं. आंसाची परीक्षा तीन ठिकाणीं करावी लागते: चाकाकडील टोंकाच्या खांचा, डिफरन्शियलकडील टोंकाच्या खांचा, आणि एकूण लांबी. खांचांची संख्या आणि टोंकाची जाडी जुळूनहि लांबी कमी पडली, तर चाक खालीं जातांच आंस आपल्या जागेंतून निसटूं लागतो; लांबी अधिक झाली, तर चाक वर येतांना तो सांध्यांवर दाबला जातो. एवढेंच नव्हे, तर साध्या सात इंची डिफरन्शियलचे आंस टॉर्सेनला चालतीलच, असेंहि धरून चालूं नये. म्हणून शहाणा मनुष्य एकाच मोटारीवरून पेटीसकट डिफरन्शियल, दोन्ही आंस आणि प्रॉपेलर शाफ्ट असा सबंध संच घेतो. स्वस्तांत मिळाला म्हणून नुसता डिफरन्शियल आणणाऱ्याचे पैसे बहुधा फडताळांत पडून राहतात.

पेटीसकट घेण्याचा दुसराहि लाभ आहे. क्राऊन आणि पिनियन या दोन चक्रांचे दांते एकमेकांत किती खोल बसावे, हें केसभर मापानें ठरलेलें असतें. तें बिघडलें कीं प्रथम गुणगुण ऐकूं येते आणि शेवटीं दांते तुटतात. पेटी न उघडतां सबंध बदलली, म्हणजे कारखान्यांत बसविलेलें माप जसेंच्या तसें राहतें.

विकत घेण्यापूर्वीं एक सोपी परीक्षा आहे. गिअर मोकळा ठेवून आणि हँडब्रेक सोडून मोटारीचीं दोन्ही मागचीं चाकें उचलावीं व एक चाक हातानें फिरवावें. दुसरें उलट दिशेनें फिरलें, तर डिफरन्शियल साधा आहे किंवा तबकड्या झिजल्या आहेत. त्याच दिशेनें फिरलें, तर बहुधा तो लिमिटेड-स्लिप आहे. परंतु नुसत्या जॅकवर उचललेल्या मोटारीखालीं कोणीहि जाऊं नये. पुढच्या चाकांना उटी लावून, सपाट जमिनीवर भक्कम स्टँडवर मोटार टेकवूनच काम करावें. जॅक घसरला तर हौसेची किंमत जिवानें द्यावी लागते.

एम. एक्स. ५ मध्यें गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल यांना सांधणारी एक लांब चौकट असते. तिचे बोल्ट सोडण्यापूर्वीं गिअरबॉक्सला आधार द्यावा, आणि परत जोडतांना तिची पातळी कंपनीच्या दुरुस्ती-पुस्तकाप्रमाणें मोजावी. चाकाच्या मध्यावरचा मोठा नट ठोकून बसविलेला असतो. तो पुन्हा वापरूं नये. जुनें तेल काढण्याआधीं भरण्याचें बूच उघडतें कीं नाहीं हें पाहावें. नाहीं तर तेल निघून जातें आणि नवें भरतां येत नाहीं. सात इंची पेटींत सुमारें एक लिटर जी. एल. ५ जातीचें गिअर-तेल लागतें; बुचाच्या कडेपर्यंत तें आलें म्हणजे पुरे.

आणखी एक हिशेब राहतो. जुन्या सहा इंची डिफरन्शियलचें प्रमाण ४.३ होतें, टॉर्सेनच्या पहिल्या नमुन्यांचें ४.१. या मोटारीचा वेगमापक गिअरबॉक्सवरून चालतो. म्हणून बदलानंतर कांटा ६० दाखवीत असतां प्रत्यक्ष वेग जवळजवळ ६३ असतो. ही तफावत न सुधारतां गाडी हांकणें म्हणजे खोट्या वजनानें तोलणें होय.

चालकानेंहि नवी संवय लावून घेतली पाहिजे. साध्या डिफरन्शियलमध्यें एक चाक घसरलें, तरी दुसरें मोटारीचा माग धरून ठेवतें. लिमिटेड-स्लिपमध्यें ओल्या वळणावर पाय जोरानें दाबला, तर दोन्ही मागचीं चाकें एकदम सुटूं शकतात आणि मोटारीची मागची बाजू बाहेर फेकली जाते. हें यंत्र असलेली पकड नीट वांटतें. नसलेली निर्माण करीत नाहीं. म्हणून नव्या डिफरन्शियलची पहिली ओळख पावसांतल्या घाटांत न करतां, कोरड्या आणि मोकळ्या जागीं, हलक्या पायानें करून घ्यावी.