पोळी सोडण्याआधी रक्त तपासा

पोळी बंद केली, पोट शांत झालं, म्हणजे प्रश्न सुटला, असं अनेक घरांत धरून चालतात. मग तपासणीचा खर्च आणि त्रास कशाला? झाशीत हा हिशेब हमखास चुकतो, कारण बुंदेलखंडात जेवण म्हणजे मुख्यतः गहू. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात उत्तर, ईशान्य आणि दक्षिण भारतातल्या तेवीस हजारांवर प्रौढांचं रक्त तपासलं गेलं. सीलिॲक आजाराकडे बोट दाखवणारी प्रतिपिंडं उत्तरेत १.२३ टक्के लोकांत सापडली, दक्षिणेत अवघ्या ०.१० टक्के लोकांत. गंमत अशी की या आजाराला लागणारी जनुकं दोन्हीकडे सारख्याच प्रमाणात, साधारण तिघांत एकाकडे, होती. फरक ताटात होता. उत्तरेत माणशी रोज सुमारे ४५५ ग्रॅम गहू खाल्ला जात होता, दक्षिणेत २५ ग्रॅम. झाशीच्या नेवाळकर राजघराण्याच्या काळात आणि नंतरही भात-भाकरीच्या मुलखातून झाशीत येऊन स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी यावरून आपला अंदाज बांधायला हरकत नाही. जनुकं मूळ मुलखाची असतील, पण ताट उत्तरेचं झालं आहे.

सीलिॲक म्हणजे गव्हाचं नुसतं वावडं नव्हे. गहू आणि जवातलं ग्लूटेन पोटात गेलं की शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. अन्न शोषून घेणारे आतड्यातले बारीक उंचवटे झिजतात आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. जुलाब आणि पोटफुगी ही झाली ओळखीची लक्षणं, पण पुष्कळदा पोट तक्रारच करत नाही. गोळ्या घेऊनही न वाढणारं हिमोग्लोबिन, वयाच्या मानाने खुजं राहिलेलं मूल, लांबलेली पाळी, ठिसूळ हाडं, एवढीच खूण दिसते. आपल्याकडे रक्तक्षय इतका सर्रास आहे की त्याचं कारण शोधायचं असतं हेच विसरायला होतं. असं चित्र असेल, टाइप-१ मधुमेह किंवा थायरॉइडचा स्वयंप्रतिकार आजार असेल, अथवा सख्ख्या नात्यात सीलिॲक असेल, तर तपासणी करायलाच हवी. अधूनमधून गॅस होतो एवढ्यावरून मात्र लगेच धावायला नको.

तपासणीची पहिली पायरी साधी आहे. टीटीजी-आयजीए ही प्रतिपिंडांची रक्तचाचणी आणि सोबत एकूण आयजीए (प्रतिपिंडांचा एक प्रकार). हे दुसरं मोजमाप अनेकदा गाळलं जातं, आणि ज्यांच्या शरीरात आयजीए मुळातच कमी असतं त्यांचा अहवाल खोटाच ‘निगेटिव्ह’ येऊ शकतो. पहिली चाचणी पॉझिटिव्ह आली तर प्रौढांत दुर्बिणीतून लहान आतड्याचे तुकडे घेऊन निदान पक्कं करतात. मुलांमध्ये टीटीजीची पातळी मर्यादेच्या दहापट किंवा अधिक असेल आणि दुसऱ्या नमुन्यातली वेगळी चाचणीही पॉझिटिव्ह असेल, तर तज्ज्ञ तुकडा न घेताही निदान करू शकतात. हे सगळं गहू खात असतानाच व्हायला हवं. पोळी सोडली की प्रतिपिंडं उतरत जातात, आतडं भरून येऊ लागतं आणि पुरावा पुसला जातो. ज्यांनी आधीच सोडली आहे त्यांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही आठवडे पुन्हा गहू खावा लागतो, आणि बरं वाटू लागलेल्या माणसाला ते नकोसं होतं.

‘सोडल्याने बरं वाटतं, तेवढा पुरावा पुरे नाही का?’ हा आक्षेप वजनदार आहे, तरी अपुरा आहे. गव्हात ग्लूटेनबरोबर फ्रुक्टान नावाची शर्कराही असते, जी आतड्यात आंबून पोट फुगवते. सीलिॲक नसलेल्या आणि स्वतःला ग्लूटेन सोसत नाही असं मानणाऱ्या लोकांवर नॉर्वेत झालेल्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्रास ग्लूटेनपेक्षा फ्रुक्टानने अधिक झाला. अशा माणसाला अधूनमधून पोळी चालेल, कदाचित फ्रुक्टान असलेला कांदा-लसूणच आवरावा लागेल. सीलिॲकच्या रुग्णाला मात्र चिमूटभर कणीकही जन्मभर वर्ज्य. डबीतल्या हिंगात मिसळलेलं गव्हाचं पीठ, जव घातलेलं सत्तू, चक्कीवर गव्हामागोमाग दळलेलं बेसन, एवढं सांभाळणं निदान पक्कं नसताना कुणाला जमेल? ‘देशी गहू चालतो’ हाही असाच भ्रम. बुंदेलखंडाचा कठिया असो वा आपला खपली, ग्लूटेन दोन्हीत आहे.

मुलीच्या अंगाला आजाराचं नाव चिकटेल, स्थळं येणार नाहीत, ही भीती उघड कुणी बोलत नाही, पण तपासणी लांबण्यामागे ती असते. तिचं उत्तर रोखठोक द्यायला हवं. न ओळखलेला सीलिॲक रक्त, हाडं आणि गर्भधारणा तिन्हींवर घाला घालू शकतो. ओळखलेला आजार ज्वारी, बाजरी, मका, तांदूळ आणि राजगिऱ्यावर निभावतो. खर्चाचं म्हणाल तर पहिल्या पायरीला रक्ताचा नमुना पुरतो. पुढच्या सल्ल्यासाठी झाशीत महाराणी लक्ष्मीबाई मेडिकल कॉलेज आहे, ग्वाल्हेरही शंभर किलोमीटरवर आहे. पैसे वाचवायचेच असतील तर शेकडो पदार्थांचं ‘वावडं’ एका नमुन्यात सांगणाऱ्या आयजीजी पॅनेलवर वाचवा. निदानासाठी त्यांना शास्त्रीय आधार नाही. जनुकचाचणीही सरसकट नको. ती निगेटिव्ह आली तर सीलिॲक जवळपास निकालात निघतो, पण पॉझिटिव्ह तर तिघांत एकाची येणारच. आणि घरात एकाचं निदान पक्कं झालं, तर आईवडील, भावंडं आणि मुलांचीही रक्तचाचणी करून घ्या, त्यांना काहीही त्रास नसला तरी.