'प्रतिकारशक्ती' हा शब्द आणि कर्करोगाचा रुग्ण

कर्करोग शरीरात इतरत्र पसरल्यावर रुग्णाला इम्युनोथेरपी सुरू करावयाची ठरते, तेव्हा औषधाच्या आधी त्याच्या वाट्याला एक शब्द येतो. मराठी कुटुंबांत त्याचा उलगडा बहुधा 'प्रतिकारशक्ती वाढविणारे उपचार' असा केला जातो. हा उलगडा सोपा असला तरी अपुरा आहे, आणि त्या अपुरेपणाची किंमत रुग्णाला मोजावी लागण्याचा संभव असतो.

'शक्ती' ही मराठीत कमी किंवा जास्त होणारी वस्तू आहे. ती वाढली की बरेच झाले, असे भाषाच गृहीत धरते. 'ताकदीचे इंजेक्शन', गुळवेलीचा काढा, 2020 च्या करोना साथीत घरोघर पोहोचलेली 'इम्युनिटी' ही सारी याच कल्पनेची रूपे होत.

वस्तुतः या वर्गातील सर्वाधिक प्रचलित औषधे काही वाढवीत नाहीत. ती अडसर दूर करतात. टी-पेशी नावाच्या श्वेतपेशींनी शरीरातील निरोगी पेशींवरच तुटून पडू नये, म्हणून त्यांच्या पृष्ठभागावर आवर घालणारी काही प्रथिने असतात. त्यांपैकी पीडी-1 चा शोध तासुकु होंजो यांच्या क्योतो येथील प्रयोगशाळेने 1992 मध्ये प्रसिद्ध केला. सीटीएलए-4 या दुसऱ्या प्रथिनावर जेम्स ॲलिसन यांनी काम केले. दोघांना 2018 चे नोबेल पारितोषिक मिळाले. कर्करोगाच्या पेशी या आवराचा फायदा घेऊन टी-पेशींना थोपवून धरतात. निवोलुमॅब व पेम्ब्रोलिझुमॅब ही औषधे पीडी-1 ला अडवून तो आवर सैल करतात. डॉक्टर येथे 'ब्रेक' म्हणतात. शुद्धतावाद्यांना 'लगाम' अधिक रुचेल, परंतु एस.टी.ने प्रवास करणाऱ्या कोणालाही 'ब्रेक' समजावून सांगावा लागत नाही.

पहिल्या दिवसाचा अनुभव बहुधा अनपेक्षित असतो. शेजारच्या खाटेवरील 'केमो'च्या हकीकती ऐकून रुग्ण उलट्यांची व केस गळण्याची धास्ती घेऊन आलेला असतो. प्रत्यक्षात अर्धा-एक तास सलाइनसारखे औषध शिरेतून जाते, आणि सोबत केमो नसेल तर तो बहुधा संध्याकाळी घरी नेहमीप्रमाणे जेवतो. सुटकेच्या भावनेमागोमाग शंकाही येते: काहीच झाले नाही, तर औषध लागू पडते आहे ना?

खरी कसोटी पुढे असते. आवर सैल झालेल्या पेशी आतडे, फुप्फुस, यकृत, थायरॉइड यांवरही हल्ला करू शकतात, आणि तेही काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी. जुलाब सुरू झाले तर 'बाहेरचे काही खाल्ले असेल', धाप लागली तर 'अशक्तपणा', असे म्हणून दुखणे अंगावर काढले जाते. शक्ती वाढविणाऱ्या औषधाने आतडे सुजेल, ही गोष्ट त्या शब्दाच्या चौकटीत बसतच नाही. वेळीच कळविल्यास हा त्रास बहुधा आटोक्यात येतो. विलंब झाल्यास तो जिवावरही बेतू शकतो. गावातील डॉक्टरांना नुसते 'केमो चालू आहे' असे सांगितले, तर तेही वेगळ्याच दिशेने विचार करतात.

यावर डॉक्टर पुढचा डोस थांबवून स्टेरॉइड देतात, आणि घरात नवा गोंधळ उडतो: स्टेरॉइडने तर प्रतिकारशक्ती कमी होते! 'वाढविणे' या अर्थाने पाहता ही विसंगती आहे. 'आवर' या अर्थाने पाहता मात्र सैल केलेला ब्रेक पुन्हा थोडा दाबला जात असतो, इतकेच.

मात्रेविषयीही तेच घडते. निवोलुमॅबची रूढ मात्रा दर दोन आठवड्यांस 240 मिलिग्रॅम आहे, आणि ती बहुतेकांना परवडत नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डोके व मान यांच्या प्रगत कर्करोगाच्या 151 रुग्णांवर झालेल्या, 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दर तीन आठवड्यांस अवघे 20 मिलिग्रॅम दिले गेले. केवळ तोंडावाटे घ्यावयाच्या औषधांवरील रुग्णांपैकी वर्षअखेर शेकडा 16.3, तर या अल्प मात्रेची जोड मिळालेल्यांपैकी शेकडा 43.4 हयात होते. 'शक्ती' मोजणाऱ्या नातेवाइकाला ही मात्रा गरिबाची तडजोड वाटते. परंतु पीडी-1 ची ठिकाणे व्यापावयास थोडे औषधही बऱ्याच अंशी पुरते, आणि एकदा व्यापलेल्या ठिकाणी जादा औषधाला काम उरत नाही.