व्हर्च्युअल मशीनमधलं डिव्हाइस काढायला बरोबर पाच सेकंद का लागतात?

चालू व्हर्च्युअल मशीनमधून एखादी डिस्क किंवा नेटवर्क कार्ड काढून बघा. केव्हीएम-क्यूएमू, क्यू३५ मशीन आणि आत लिनक्स असेल, तर बरेचदा असं होतं: कमांड लगेच परत येते, पण डिव्हाइस तिथेच. जातं ते पाच सेकंदांनी. होस्ट कितीही दमदार असो, पाच म्हणजे पाच. आकडा इतका गोल आहे की संशय यायलाच हवा: इथे काम काही चाललेलं नाही, कुणीतरी नुसतं थांबलंय.

आणि तसंच आहे. खऱ्या सर्व्हरमध्ये पीसीआय एक्सप्रेसच्या हॉट-प्लग स्लॉटशेजारी एक बटण आणि छोटा दिवा असू शकतो. कार्ड काढायचं तर बटण दाबायचं. दिवा पाच सेकंद लुकलुकतो. चुकून भलत्याच स्लॉटचं बटण दाबलं असेल, तर तेवढ्यात पुन्हा दाबायचं, की काढणं रद्द. पाच सेकंद उलटले की ऑपरेटिंग सिस्टीम ड्रायव्हर सोडवते, स्लॉटची वीज बंद करते, मग कार्ड उपसायचं. माणूस चुकतो हे धरून केलेली सोय आहे; मला आवडते ती.

क्यूएमू हाच स्लॉट सॉफ्टवेअरमध्ये उभा करतं. तुम्ही कमांड दिली की ते गेस्टला कळवतं, ‘बटण दाबलं गेलं’. गेस्टमधला ड्रायव्हर बिचारा पाच सेकंद वाट बघतो, तिथे नसलेल्या माणसाचं मन बदलतंय का म्हणून.

नुसता उशीर असता तर एक वेळ चाललं असतं. (आठ डिस्क एकेक करून काढल्या तर ४० सेकंद जातात. त्यापेक्षा सगळ्या कमांड एकदम द्या. प्रत्येक स्लॉटचा टायमर वेगळा असतो.) खरी गोची पुढे आहे. समजा, तुमची स्क्रिप्ट दोन सेकंद थांबून, डिव्हाइस गेलं नाही म्हणून तीच कमांड पुन्हा पाठवते. जुन्या क्यूएमूमध्ये याचा अर्थ बटण दुसऱ्यांदा दाबलं. म्हणजे रद्द! तिसऱ्यांदा पाठवली, पुन्हा सुरू. चौथ्यांदा, पुन्हा रद्द. लाइव्ह मायग्रेशनआधी पासथ्रू कार्ड काढत असाल तर सगळं तिथेच अडकतं. नव्या आवृत्त्यांत, काढणं चालू असताना लगोलग आलेली दुसरी कमांड नाकारली जाते.

तेव्हा कमांड परत आली म्हणजे काम झालं असं धरू नका. ती फक्त विनंती असते. डिव्हाइस खरोखर गेलं की क्यूएमू ‘डिव्हाइस डिलीटेड’ असा वेगळा इव्हेंट पाठवतं. स्क्रिप्टला त्याची वाट बघू द्या.

क्यूएमू ६.१ पासून, म्हणजे २०२१ पासून, क्यू३५ वर एसीपीआय हॉट-प्लग डीफॉल्ट झालं. त्यात बटणच नाही, त्यामुळे ते पाच सेकंदही नाहीत. पण गेस्टने होकार देणं तिथेही लागतंच. गेस्ट अजून बूटच होत असेल, तर विनंती ऐकायला आत कुणी नसतं आणि डिव्हाइस जागचं हलत नाही.