'अप्रॉक्स' म्हणजे नक्की किती?

आजच्या एपिसोडचा शब्द आपण सगळेच रोज वापरतो: अप्रॉक्स. हेडफोन हाताशी नसतील तर वाचून घ्या, अप्रॉक्स दोन-तीन मिनिटं... थांबा, इथंच गडबड आहे. 'दोन-तीन' म्हटलं की अंदाज आलाच, मग वर अप्रॉक्स कशाला?

पूर्ण शब्द अप्रॉक्सिमेट. मुळात लॅटिन 'प्रॉक्सिमस', म्हणजे सगळ्यात जवळचा. विशेषण असेल तर शेवट तोकडा, 'मिट' असा ऐकू येतो. क्रियापद असेल तर 'मेट', अर्थ जवळ जाणं. आकड्याच्या आधी लागतं ते अप्रॉक्सिमेटली, आणि आपलं अप्रॉक्स हे त्याचंच छोटं रूप.

'एस्टिमेट' हा त्याचा चुलतभाऊ. गाडी खोलायच्या आधी गॅरेजवाला खर्च सांगतो ते एस्टिमेट, कारण खरा आकडा त्यालाही अजून माहीत नाही. सोलापूर-पुणे २५० किलोमीटर, हे अप्रॉक्स. नेमकं अंतर मोजता येतं, आपण सोयीसाठी जवळचा आकडा घेतो.

मराठीत तर यात बारीक छटा आहेत. 'शंभरेक लोक होते' म्हणजे नव्वदही चालतील, एकशेदहाही. 'जवळजवळ शंभर' म्हणजे शंभराला थोडे कमीच.

आता मुद्द्याचं. अप्रॉक्समध्ये किती सोडून दिलं, हे कळायला पाहिजे. आपली उजनी बघा. एकूण साठा अप्रॉक्स ११७ टीएमसी, असं आपण सहज म्हणतो. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. म्हणजे फक्त ०.१ टीएमसी इकडंतिकडं झालं, तरी २८३ कोटी लिटर! २०११ च्या जनगणनेत सोलापूर शहर साधारण साडेनऊ लाखांचं होतं. माणशी रोज १३५ लिटर धरलं तर तेवढ्या पाण्यात शहराचे २२ दिवस निघतात. धरणाच्या आकड्यात दशांशानंतरचा एक अंक, आणि आपल्या नळाला तीन आठवडे. बातमीत ११७ चालतं, पाणी वाटताना नाही चालत.

हे भान आपल्याकडं जुनं आहे. आर्यभटानं इ. स. ४९९ च्या सुमारास सांगितलं, की व्यास २०,००० असेल तर परीघ ६२,८३२. आणि सोबत एक शब्द ठेवला: 'आसन्न'. म्हणजे जवळचा, अप्रॉक्स! आजच्या हिशोबानं तो परीघ ६२,८३१.८५ येतो. इतका जवळ जाऊनही गड्यानं 'हा नेमका नाही' हे सांगून ठेवलं.

आमच्या आयटीत उलटं होतं. कुणीतरी मीटिंगमध्ये 'अप्रॉक्स दोन दिवस' म्हणतं, मेलमध्ये जाताना अप्रॉक्स गळतं आणि दोन दिवसांची डेडलाइन उरते. म्हणून सांगतानाच 'दोन दिवस, फार तर तीन' असं म्हणा. आणि पगार, रूमभाडं किंवा फी कुणी अप्रॉक्समध्ये सांगितली, तर लगेच विचारा: 'जास्तीत जास्त किती?' उत्तर आलं नाही तर समजा, तो आकडा अजून ठरलेलाच नाही.

भेटू पुढच्या एपिसोडला!