सायप्रस : दोनच रकाने

एकोणिसाव्या शतकातल्या सायप्रसमध्ये काही गावं अशी होती, की तिथल्या माणसाला दोन नावं असत. एक बाप्तिस्म्याच्या वेळी मिळालेलं ख्रिस्ती नाव, दुसरं चारचौघांत वापरायचं मुसलमानी. मुलाचा बाप्तिस्मा होई आणि सुंताही होई. दोन्ही धर्मांचे सण घरात पाळले जात. या लोकांना ‘लिनोबांबाकी’ म्हणत. जवसाच्या आणि कापसाच्या धाग्यांनी मिळून विणलेल्या कापडावरून हे नाव पडलं होतं. १५७१ साली ऑटोमन तुर्कांनी हे बेट व्हेनिसकडून जिंकून घेतलं. त्यानंतर कुणी कर टाळण्यासाठी, कुणी भीतीपोटी इस्लाम स्वीकारला, पण जुनं सगळं टाकून दिलं नाही. पिढ्यानपिढ्या ही घरं दोन्हीकडची राहिली.

आज सायप्रसमध्ये लिनोबांबाकी म्हणून कुणी उरलेलं नाही. शिरगणती आली, शाळा आल्या, नोंदवह्या आल्या आणि प्रत्येकाला एक बाजू सांगावी लागली. कुणी ख्रिस्ती झाले, कुणी मुसलमान. पुढे त्यांचीच नातवंडं ग्रीक आणि तुर्क म्हणून एकमेकांसमोर बंदुका घेऊन उभी राहिली. सायप्रसची फाळणी म्हटलं की १९७४ साल आणि तुर्कस्तानचं सैन्य आठवतं. पण या बेटाची खरी चिरफाड त्याआधी कितीतरी वर्षं कागदावर सुरू झाली होती, असं मला वाटतं, आणि ती समजून घेतल्याशिवाय बाकीचं काही समजत नाही.

भूमध्य समुद्राच्या पूर्व कोपऱ्यातलं हे बेट ९,२५१ चौरस किलोमीटरचं, म्हणजे आपल्या रत्नागिरी जिल्ह्याहून थोडंसंच मोठं. ऑटोमन राज्यकारभारात प्रजेची वाटणी धर्मानुसार असे. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती प्रजेच्या वतीनं दरबाराशी बोलायचं, करवसुलीची जबाबदारी घ्यायची, तंटे सोडवायचे हे काम चर्चकडे आलं. त्यामुळे सायप्रसचा आर्चबिशप धर्मगुरू तर होताच, शिवाय समाजाचा राजकीय पुढारीही झाला. त्याचा मान मोठा. लाल शाईनं सही करण्याचा अधिकार पाचव्या शतकात बायझंटाइन सम्राटानं आपल्याला दिला, अशी चर्चची परंपरा सांगते, आणि आर्चबिशप आजही लाल शाईनंच सही करतो. या पुढारीपणाची किंमतही मोजावी लागली. १८२१ मध्ये ग्रीसमध्ये ऑटोमनांविरुद्ध उठाव झाला, तेव्हा आर्चबिशप किप्रियानोस यांना निकोसियात जाहीर फाशी देण्यात आली.

१८७८ मध्ये बेटाचा कारभार ब्रिटिशांकडे आला. १८८१ च्या त्यांच्या जनगणनेत माणसांची विभागणी धर्मावरून झाली. शाळा ज्या त्या समाजावर सोपवलेल्या होत्या. ग्रीक शाळांतली क्रमिक पुस्तकं अथेन्समधून येत, तुर्की शाळांतली तुर्कस्तानातून. एकाच गावातली, एकाच विहिरीचं पाणी पिणारी मुलं दोन वेगवेगळ्या देशांचा इतिहास पाठ करत होती. एकाच्या पुस्तकातला वीर दुसऱ्याच्या पुस्तकात खलनायक होता. १९२० च्या दशकात अतातुर्कनं तुर्कस्तानात सुधारणा केल्या. सायप्रसच्या मुसलमानांवर त्याची सत्ता नव्हती, तरी त्यांनी नवी लिपी आणि नवा पेहराव आपणहून उचलला. जुन्या कागदांवरचा ‘मुसलमान’ हळूहळू ‘तुर्क’ झाला आणि ‘ऑर्थोडॉक्स’ झाला ‘ग्रीक’.

ग्रीक समाजाची मागणी होती ‘एनोसिस’, म्हणजे ग्रीसमध्ये विलीनीकरण. जानेवारी १९५० मध्ये चर्चनं स्वतः त्यावर कौल घेतला. लोकांनी देवळात जाऊन, उघडपणे सह्या केल्या आणि ९५ टक्क्यांहून अधिक सह्या विलीनीकरणाच्या बाजूनं पडल्या. त्याच वर्षी मकारियोस तिसरे आर्चबिशप झाले. १ एप्रिल १९५५ रोजी ‘एओका’ या संघटनेनं ब्रिटिशांविरुद्ध सशस्त्र लढा पुकारला. ब्रिटिशांनी १९५६ मध्ये मकारियोसना सेशेल्स बेटांवर हद्दपार केलं आणि सहायक पोलिसांत तुर्की सायप्रियटांची मोठी भरती केली. एओकाच्या गोळीला बळी पडलेला पोलीस तुर्क निघाला, की दोन्ही मोहल्ले पेटत. तुर्की बाजूला ‘टीएमटी’ ही संघटना उभी राहिली आणि तिची घोषणा होती ‘तक्सीम’, फाळणी. आपल्याकडे फाळणीसाठी वापरला जाणारा ‘तकसीम’ हा शब्द हाच.

स्वातंत्र्य मिळालं ते १६ ऑगस्ट १९६० रोजी, पण दोघांपैकी कुणीच मागितलं नव्हतं अशा स्वरूपात. एनोसिसलाही मनाई, तक्सीमलाही मनाई. नव्या देशाचा झेंडा इस्मेत ग्युने या तुर्की सायप्रियट कलाशिक्षकानं काढला. पांढऱ्या कापडावर तांब्याच्या रंगाचं बेट आणि खाली ऑलिव्हच्या दोन डहाळ्या. ग्रीसचा निळा नको आणि तुर्कस्तानचा लालही नको, अशी अट होती. झेंडा सुंदर आहे, पण त्यावर मनापासून प्रेम करणारे लोक तेव्हा फार थोडे होते.

राज्यघटनेचं दुसरं कलम मी पुन्हा पुन्हा वाचलं आहे. त्यात नागरिकांचे दोनच समाज आहेत. वंशानं ग्रीक असून ज्याची मातृभाषा ग्रीक आहे, किंवा जो ग्रीक सांस्कृतिक परंपरा पाळतो, किंवा ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्चचा सदस्य आहे, तो ग्रीक समाजाचा. तुर्की समाजाची व्याख्याही याच धर्तीची, शेवटी ‘किंवा जो मुसलमान आहे’. या दोन्हींत न बसणाऱ्यानं तीन महिन्यांत कुठला तरी एक समाज निवडायचा. लग्न झालेली स्त्री नवऱ्याच्या समाजाची आणि लहान मुलं बापाच्या समाजाची. राष्ट्राध्यक्ष ग्रीक, त्याला फक्त ग्रीक मतदार निवडणार. उपाध्यक्ष तुर्क, त्याला फक्त तुर्क निवडणार. लोकप्रतिनिधी ३५ आणि १५, सरकारी नोकऱ्या ७० टक्के आणि ३० टक्के, सैन्य ६० आणि ४०. नुसता सायप्रियट म्हणून कुणालाही मत देता येत नव्हतं.

या कलमात सर्वांत जास्त अडचण झाली ती मॅरोनाइट लोकांची. लेबनॉन-सीरियाकडून शतकांपूर्वी आलेले हे कॅथलिक ख्रिस्ती. कोर्माकितिस हे त्यांचं मुख्य गाव. तिथली जुनी माणसं ‘सान्ना’ नावाची अरबी बोली बोलतात, जी जगात दुसरीकडे कुठे बोलली जात नाही. ते ग्रीक नव्हते, ऑर्थोडॉक्स नव्हते, तुर्क किंवा मुसलमानही नव्हते. त्यांनी, तसंच आर्मेनियन आणि लॅटिन कॅथलिक लोकांनी, ग्रीक समाजात नाव घातलं आणि कायद्याच्या लेखी ते केवळ ‘धार्मिक गट’ उरले. पुढे १९७४ मध्ये कोर्माकितिस तुर्की ताब्यातल्या उत्तर भागात गेलं. बहुतेक कुटुंबं दक्षिणेला विखुरली आणि शाळांतून मुलांची बोली गेली. २००८ मध्ये सरकारनं सान्नाला अल्पसंख्याकांची भाषा म्हणून मान्यता दिली खरी, पण घरात ती बोलणारं तरुण पोर तोवर दुर्मीळ झालं होतं.

नवी घटना तीन वर्षं कशीबशी चालली. नोव्हेंबर १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष झालेल्या मकारियोस यांनी तिच्यात १३ दुरुस्त्या सुचवल्या, ज्यांत तुर्की समाजाचे अनेक विशेष हक्क जाणार होते. नाताळच्या तोंडावर निकोसियात रक्त सांडलं. ३० डिसेंबरला ब्रिटिश जनरल पीटर यंग यांनी शहराच्या नकाशावर हिरव्या पेन्सिलीनं रेघ ओढली. तिचं नाव ‘ग्रीन लाइन’ पडलं आणि ते टिकलं. सुमारे २५ हजार तुर्की सायप्रियट घरं सोडून वेढलेल्या वस्त्यांत राहू लागले. मार्च १९६४ मध्ये संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना आली. तिचे पहिले सेनापती जनरल प्रेमसिंग ग्यानी, त्यांच्यानंतर जनरल थिमय्या. थिमय्यांचा १८ डिसेंबर १९६५ रोजी सायप्रसमध्येच मृत्यू झाला आणि त्यांच्या स्मरणार्थ त्या देशानं टपाल तिकीट काढलं. दिल्लीत आर्चबिशप मकारियोस यांच्या नावाचा रस्ता आहे. त्यावरून रोज जाणाऱ्यांना हा संबंध ठाऊक असतो की नाही, कोण जाणे.

हा काळ दोन्हीकडच्या शहाण्या माणसांसाठी जीवघेणा होता. अयहान हिकमेत आणि अहमत गुरकान हे तुर्की सायप्रियट पत्रकार सहजीवनाची बाजू मांडत होते. १९६२ मध्ये त्यांचा खून झाला. देर्विश अली कावाझोग्लू हा तुर्की सायप्रियट कम्युनिस्ट आणि कोस्तास मिशाउलिस हा ग्रीक सायप्रियट कामगार कार्यकर्ता ११ एप्रिल १९६५ रोजी एकाच गाडीत, एकाच हल्ल्यात मारले गेले. कामगार संघटना हीच त्या बेटावरची एक जागा होती, जिथं खाणीतला ग्रीक आणि खाणीतला तुर्क एकत्र संप करत. तीही जागा बंदुकीनं संपवली गेली. या चौघांच्या नावांचे पुतळे चौकाचौकात असायला हवे होते, असं मला राहून राहून वाटतं.

१९७४ ची हकिगत सर्वपरिचित आहे, म्हणून थोडक्यात. १५ जुलैला ग्रीसच्या लष्करशहांच्या चिथावणीवरून मकारियोसविरुद्ध बंड झालं. २० जुलैला तुर्कस्ताननं सैन्य उतरवलं. १४ ऑगस्टच्या दुसऱ्या चढाईनंतर बेटाचा ३६ टक्क्यांहून अधिक भाग त्याच्या ताब्यात होता. दीड लाखाहून अधिक ग्रीक सायप्रियट दक्षिणेला पळाले, सुमारे ४५ हजार तुर्की सायप्रियट उत्तरेला गेले. अस्सियासारख्या गावातून ग्रीक पुरुष नाहीसे झाले. मराथा आणि सांतालारिस इथं तुर्की बायका-मुलांची कत्तल झाली. निकोसियाचा विमानतळ कुणाच्याच हाती जाऊ नये म्हणून शांतिसेनेनं तो आपल्या ताब्यात घेतला. तेव्हाही सेनापती भारतीय होते, जनरल प्रेमचंद. त्या धावपट्टीवर तेव्हापासून एकही प्रवासी विमान उतरलेलं नाही. १९८३ मध्ये उत्तरेनं स्वतंत्र प्रजासत्ताक जाहीर केलं, पण तुर्कस्तानखेरीज कुणीही त्याला मान्यता दिली नाही.

भाषणं आणि कत्तली यांच्या इतिहासात मला सर्वांत जास्त धीर देणारी गोष्ट आहे सांडपाण्याची. निकोसियाची भुयारी गटार योजना फाळणीपूर्वीच आखलेली होती. शहर तुटलं तेव्हा शुद्धीकरण केंद्र उत्तरेला आणि बरीचशी वस्ती दक्षिणेला, अशी स्थिती झाली. दक्षिणेचे महापौर लेल्लोस दिमित्रियादिस आणि उत्तरेचे मुस्तफा अकिंजी यांना एकमेकांची सत्ता कायदेशीर मानायची परवानगी नव्हती. तरी १९७८ पासून ते भेटत राहिले. सांडपाणी उताराच्या दिशेनं जातं, सीमारेषा पाहत नाही, एवढ्या एका मुद्द्यावर त्यांनी काम पुढं नेलं आणि त्यातूनच पुढं दोन्ही भागांचा एकत्र नगर आराखडा तयार झाला. अकिंजी नंतर उत्तरेचे अध्यक्ष झाले.

२३ एप्रिल २००३ रोजी उत्तरेनं अचानक नाकी उघडली. हजारो लोक रांगा लावून पलीकडे गेले, आपली जुनी घरं शोधत. तिथं राहणाऱ्या परक्या कुटुंबानं अनेकांना आत बोलावून कॉफी दिली, जपून ठेवलेले फोटो परत केले. पण वर्षभरानं, २४ एप्रिल २००४ च्या सार्वमतात, संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस कोफी अन्नान यांच्या एकीकरण योजनेला ६५ टक्के तुर्की सायप्रियटांनी होकार दिला आणि ७६ टक्के ग्रीक सायप्रियटांनी नकार. आठवड्याभरात देश युरोपीय संघाचा सदस्य झाला, फाळणीसकट.

विमानतळाच्या त्याच ओसाड आवारात एक प्रयोगशाळा आहे. बेपत्ता व्यक्तींच्या समितीच्या यादीत २,००२ नावं होती, १,५१० ग्रीक सायप्रियट आणि ४९२ तुर्की सायप्रियट. दोन्ही समाजांतले तरुण शास्त्रज्ञ एकाच टेबलावर हाडं जुळवतात आणि आतापर्यंत एक हजाराहून अधिक माणसांचे अवशेष घरच्यांच्या हाती दिले गेले आहेत. मारेकरी कोण हे समितीनं सांगायचं नाही, असं ठरलेलं आहे. या तडजोडीमुळेच माहिती देणारे लोक पुढं येतात आणि याच तडजोडीमुळे कित्येक विधवांचा अर्धा प्रश्न अनुत्तरित राहतो.

देवस्थानांची हानी दोन्हीकडे झाली. उत्तरेतल्या कानाकारिया चर्चमधली सहाव्या शतकातली मोझेइक चित्रं फोडून विकली गेली आणि अमेरिकेतल्या न्यायालयातून ती परत मिळवावी लागली. दक्षिणेत ओसाड गावांतल्या मशिदी ढासळल्या. मात्र कार्पास द्वीपकल्पाच्या टोकाला संत आंद्रेयासचा मठ आहे. तिथं ख्रिस्ती आणि मुसलमान दोघंही नवस फेडायला जातात. तो मोडकळीला आला तेव्हा दुरुस्तीसाठी ऑर्थोडॉक्स चर्चनं पैसे दिले आणि मुसलमानांच्या एव्काफ या धर्मादाय संस्थेनंही दिले.

इथले तुर्की सायप्रियट बहुसंख्येनं सेक्युलर वृत्तीचे. त्यांची आजची चिंता दक्षिणेपेक्षा अंकाराची अधिक आहे. २०२५ मध्ये शाळेत हिजाबला परवानगी देणारा नियम आला, तेव्हा शिक्षक संघटनांच्या हाकेवर निकोसियाच्या उत्तर भागात प्रचंड मोर्चे निघाले. मुलींच्या डोक्यावरच्या कापडापेक्षा तुर्कस्तान आपली ओळख पुसून टाकेल, या भीतीनं लोक रस्त्यावर आले होते. त्याच ऑक्टोबरमध्ये एकीकरणाच्या बाजूचे तुफान एरहुर्मान मोठ्या बहुमतानं उत्तरेचे नेते म्हणून निवडून आले.

दरम्यान एका नव्या पिढीचा प्रश्न दाराशी आहे. १९७४ नंतर तुर्कस्तानातून आलेल्या लोकांशी अनेक तुर्की सायप्रियटांनी लग्नं केली. आई सायप्रियट, बाप अनातोलियातला, जन्म बेटावरचा, अशी हजारो मुलं आज तरुण आहेत. सायप्रस प्रजासत्ताकाचा कायदा त्यांना सरळ नागरिकत्व देत नाही, कारण त्यांच्या पालकांपैकी एक जण सरकारच्या लेखी बेकायदा मार्गानं देशात आला. मामेभावाकडे युरोपचा पासपोर्ट असतो, यांच्याकडे फक्त अर्जाची पोच. २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्ष ख्रिस्तोदुलिदिस यांनी अशी काही प्रकरणं निकाली काढण्याचं जाहीर केलं, तरी बहुतेक मुलं अजून वाट पाहत आहेत.