व्यसनाधीन अपराध्याची परिवीक्षा आणि आंतरराज्य स्थलांतर : भोसरी औद्योगिक परिसराच्या संदर्भात

सारांश : व्यसनाधीन व्यक्तीला न्यायालयाने परिवीक्षेवर मुक्त केल्यानंतर उपचारांसाठी तिला परराज्यातील कुटुंबाकडे नेता येते काय, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. भारतात परिवीक्षेच्या आंतरराज्य हस्तांतरणाचा स्वतंत्र कायदा नाही. तथापि अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ च्या कलम ४, ८ व १३ मध्ये त्याचा मार्ग उपलब्ध आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : परिवीक्षा, बंधपत्र, व्यसनमुक्ती, स्थलांतरित कामगार

प्रस्तावना

भोसरी, पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्यात मराठवाडा व विदर्भाबरोबरच कर्नाटकातील बीदर, उत्तर प्रदेश व बिहार येथून आलेला कामगारवर्ग मोठा आहे. यांतील अनेक तरुण सहकाऱ्यांसमवेत भाड्याच्या खोलीत राहतात. आईवडील, पत्नी व मुले गावी असतात. अशा तरुणास व्यसन जडले आणि त्यातून चोरीसारखा किंवा अमली पदार्थाच्या सेवनाचा गुन्हा घडला, तर खटला पिंपरी येथे चालतो आणि त्याला सावरू शकणारी माणसे मात्र शेकडो किलोमीटर दूर असतात. न्यायालयाने त्यास परिवीक्षेवर सोडल्यास कुटुंबाची पहिली इच्छा त्याला घरी नेण्याची असते. ती स्वाभाविक आहे. परंतु बंधपत्रात निवासाची अट असताना परवानगीवाचून त्याला गावी नेल्यास त्याच कृतीने अटीचा भंग होतो. म्हणूनच कायद्यातील योग्य मार्ग समजून घेणे अगत्याचे ठरते.

कायदेशीर पार्श्वभूमी

इंग्लंडमध्ये १९०७ साली परिवीक्षेचा कायदा झाला. मुंबई प्रांताने १९३८ साली स्वतःचा कायदा केला आणि १९५८ मध्ये केंद्रीय अधिनियम आला. त्याच्या कलम ४ अन्वये न्यायालय अपराध्यास तत्काळ शिक्षा न देता कमाल तीन वर्षांच्या मुदतीच्या बंधपत्रावर मुक्त करू शकते. सोबत पर्यवेक्षणाचा आदेश दिल्यास त्याची मुदत किमान एक वर्ष असते, आणि निवास व मादक पदार्थांपासून अलिप्त राहणे यांविषयीच्या अटी घालता येतात. एकवीस वर्षांखालील अपराध्याबाबत कलम ६ अधिक उदार आहे. जन्मठेपेस पात्र नसलेल्या गुन्ह्यात त्याला कारावास द्यावयाचा असल्यास न्यायालयाला तशी कारणे नमूद करावी लागतात. महाविद्यालयीन विद्यार्थी याच वयोगटातील असल्याने हे कलम अध्यापकांनी विशेष लक्षात घ्यावे.

अमली पदार्थांबाबत गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ लागू होतो. त्याच्या कलम ३३ नुसार १९५८ च्या अधिनियमाचा लाभ अठरा वर्षांखालील व्यक्तींना किंवा कलम २६ व २७ खालील अपराधांपुरताच मिळतो. कलम २७ हे सेवनाविषयी आहे. याशिवाय कलम ३९ मध्ये व्यसनाधीनांसाठी स्वतंत्र तरतूद आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणातील पदार्थाचा अपराध सिद्ध झाल्यास न्यायालय अपराध्याच्या संमतीने त्यास शासनाच्या अथवा शासनमान्य संस्थेत उपचारांसाठी मुक्त करू शकते; उपचारांच्या फलिताचा अहवाल कमाल एका वर्षाच्या आत न्यायालयास सादर करावा लागतो. अल्प प्रमाण म्हणजे किती, हे २००१ च्या अधिसूचनेने ठरविले आहे : गांजा एक किलोग्रॅम, चरस शंभर ग्रॅम, हेरॉइन पाच ग्रॅम.

राज्याची सीमा आणि कायद्याचे शब्द

समजा, भोसरीतील एका कारखान्यात काम करणारे दोन तरुण आहेत. एक उदगीरचा व दुसरा भालकीचा. ही एकाच लोहमार्गावरील गावे, परंतु पहिले महाराष्ट्रात व दुसरे कर्नाटकात. दोघांनाही गावी जाऊन परिवीक्षेचा काळ पूर्ण करावयाचा आहे. १९५८ चा अधिनियम केंद्रीय असल्याने त्याच्या शब्दांत या दोघांमध्ये भेद केलेला नाही. पुढील तीन तरतुदी पाहाव्यात.

पहिली तरतूद कलम ४ च्या परंतुकात आहे. अपराध्याचे किंवा जामीनदाराचे कायम वास्तव्य अथवा नियमित व्यवसाय न्यायालयाच्या हद्दीत, किंवा बंधपत्राच्या काळात अपराधी जेथे राहण्याचा संभव आहे त्या ठिकाणी असावा, एवढीच तेथे अपेक्षा आहे. म्हणजे भालकी येथील पित्याचे घर आदेशापूर्वीच न्यायालयापुढे मांडता येते. परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल कलम ७ नुसार गोपनीय असतो. त्यामुळे कुटुंबाने व्यसनाची माहिती लपविण्याचे कारण नाही.

दुसरी तरतूद कलम ८ ची. आदेशानंतर परिस्थिती बदलल्यास न्यायालय बंधपत्राच्या अटींत फेरबदल करू शकते. मात्र त्यासाठी अर्ज परिवीक्षा अधिकाऱ्याचा लागतो, आणि अपराधी व जामीनदार यांना म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. कुटुंबाने प्रथम परिवीक्षा अधिकाऱ्यास भेटणे आवश्यक आहे, ते याच कारणाने.

तिसरी तरतूद कलम १३ ची आहे. आदेश देणारे न्यायालय, किंवा अपराधी सध्या ज्या जिल्ह्यात राहतो तेथील जिल्हादंडाधिकारी, आदेशात नाव असलेल्या अधिकाऱ्याच्या जागी दुसरा परिवीक्षा अधिकारी नेमू शकतो. कलमाच्या शब्दांवरून पाहता बीदरच्या जिल्हादंडाधिकाऱ्यासही हा अधिकार पोहोचतो. विशेष परिस्थितीत न्यायालयास योग्य वाटणाऱ्या अन्य व्यक्तीकडेही हे काम सोपविता येते. गावातील एखादा शिक्षकही त्यात बसू शकेल.

प्रत्यक्षातील अडचणी

वाट असली तरी ती सुगम नाही. परिवीक्षा अधिकारी राज्य शासन नेमते. महाराष्ट्रात हे काम महिला व बालविकास विभागाकडे, तर केरळात सामाजिक न्याय विभागाकडे आहे. खातीच भिन्न असल्याने एका राज्याने दुसऱ्या राज्यास कोणत्या नमुन्यात व किती दिवसांत कळवावे, याची अखिल भारतीय चौकट नाही. अमेरिकेत १९३७ पासून राज्याराज्यांत असा करार आहे आणि २००२ पासून तो नव्या स्वरूपात अमलात आला. पाठविणाऱ्या राज्याने प्रस्ताव द्यावा व स्वीकारणाऱ्या राज्याने चौकशी करून ठराविक मुदतीत उत्तर द्यावे, अशी त्याची रीत आहे. ज्या राज्यात राहणारे कुटुंब सांभाळण्यास तयार व समर्थ आहे, त्या राज्यात जाण्याचा मार्ग तेथे सुकर होतो. युरोपीय संघानेही २००८ साली सदस्य राष्ट्रांसाठी अशी चौकट स्वीकारली. आपल्याकडे एकाच कायद्याखालील दोन राज्यांत ती नसावी, ही उणीव ठळकपणे जाणवते.

दुसरी अडचण गंतव्य राज्याच्या कायद्याची आहे. बिहारमध्ये एप्रिल २०१६ पासून संपूर्ण दारूबंदी आहे. मद्यपाश असलेला तरुण तेथे परतल्यास त्याची एखादी घसरण केवळ अटीचा भंग न राहता नवा अपराध ठरते. २०२२ च्या दुरुस्तीने पहिल्या वेळी दंड भरून सुटका शक्य झाली, एवढाच दिलासा. उलट १९५८ च्या अधिनियमाचे कलम ९ पहिल्या अटभंगासाठी कमाल पन्नास रुपये दंडावर भागवू शकते. व्यसन पुन्हा उफाळून येणे हा आजाराचाच भाग आहे, या वैद्यकीय दृष्टीशी ही सवलत सुसंगत आहे. जागेची निवड करताना हा फरक दुर्लक्षून चालणार नाही.

तिसरी गोष्ट संमतीची. कलम ३९ मध्ये अपराध्याची संमती आवश्यक आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ ने मद्य व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांचा मानसिक आजारात समावेश केला, आणि रुग्णाच्या निर्णयक्षमतेस व संमतीस महत्त्व दिले. कुटुंबाची तळमळ कितीही खरी असली, तरी ती या संमतीची जागा घेऊ शकत नाही.

समारोप

गाव म्हणजे आपोआप उपचार नव्हे. पुण्यात १९८६ पासून कार्यरत असलेल्या मुक्तांगणसारखी संस्था येथे जवळ आहे. गावाजवळ शासनमान्य केंद्र आहे काय, याची खात्री आधी करावी. केंद्र शासनाची १४४४६ ही व्यसनमुक्ती मदतवाहिनी यासाठी उपयुक्त आहे. त्यानंतर निवासाचा पत्ता, जामीनदार व उपचारसंस्था या तिन्ही बाबी शक्यतो आदेशापूर्वीच परिवीक्षा अधिकाऱ्यामार्फत न्यायालयापुढे ठेवाव्यात. आदेश झाला असल्यास कलम ८ चा अर्ज मंजूर होईपर्यंत स्थलांतर करू नये. शासनस्तरावर राज्यांच्या परिवीक्षा यंत्रणांमध्ये पत्रव्यवहाराचा समान नमुना व मुदत निश्चित होणे इष्ट आहे. त्यासाठी अधिनियम बदलण्याचीही गरज नाही. परिवीक्षेचा पाया माणूस सुधारू शकतो या विश्वासावर उभा आहे. त्याला सुधारू पाहणारी माणसे सीमेपलीकडे राहतात, एवढ्याच कारणाने तो विश्वास खचू नये.